ठेवणीतलं स्वयंपाकघर

आमच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत, एक रांधायचं आणि एक ठेवणीतलं. मेलबर्नच्या सेंट आल्बन्समध्ये आमच्या, बेटावरून आलेल्या माल्टी लोकांची जेवढी घरं आहेत त्या सगळ्यांत हे असंच आहे. ज्यांच्याकडे नाही ते एकतर आळशी, नाहीतर त्यांच्या मुलांनी इंग्रज बायका केलेल्या.

रांधायचं मागे गॅरेजमध्ये. लिंबाच्या झाडाखालून सिमेंटच्या पायऱ्या उतरल्या की तिथे माझी जुनी शेगडी, वर बर्नर आणि खाली ओव्हन. तिच्या दाराला एक पोचा होता. माझा मुलगा चार्ली लहान असताना त्याने चेंडू मारून पाडलेला. टोमॅटोच्या बरण्या तिथे, मासळी तिथे, तळण तिथे. ठेवणीतलं स्वयंपाकघर घरात, पुढच्या खोलीला लागून. पांढरी कपाटं, इटालियन फरशी आणि स्टीलची मोठी शेगडी. तिच्या ओव्हनवर घड्याळ आहे, आणि ते अजून बिनचूक चालतं. माझ्या मुलीच्या, लुर्देसच्या लग्नाआधी माझ्या नवऱ्याने, विस्तिनने, हे सगळं स्वतःच्या हाताने केलं. चार्ली तेव्हा गॅसच्या पाइपांचं काम शिकत होता, म्हणून तेवढंच विस्तिनने त्याच्याकडे दिलं. बाकी फरशी, कपाटं, रंग, सगळं विस्तिनचं. लग्नाच्या दिवशी सिडनीहून आलेल्या माझ्या नणंदा त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि त्यांना बोलायला काही सुचेना. कॉफी मी गॅरेजमधून आणून दिली.

त्यानंतर त्या शेगडीवर कधी दूधसुद्धा तापलं नाही. मी ती रोज पुसत होते. लोक हसतात, हसू देत. त्यांच्या घरी पाहुणा आला की तेलाच्या वासाने त्याच्या कोटाचं वाटोळं होतं. माझ्या घरी आला तर बसतो, बघतो आणि घरी जाऊन बायकोशी भांडतो.

विस्तिन गेल्यावर मी एकटीच राहिले. मुलांना हे पहिल्यापासून खुपत होतं, पण त्यांना कारण सापडत नव्हतं. ते मीच दिलं. लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत सुपाचं पातेलं घेऊन गॅरेजच्या पायऱ्या चढत होते, पाय घसरला. कंबरेला नुसता मुका मार लागला, हाड मोडलं नाही. पण चार्ली आणि लुर्देस दोघं एकाच गाडीतून आले तेव्हाच मी ओळखलं. एरवी ही बहीणभावंडं एका गाडीत बसत नाहीत.

"मा, आम्ही एक जागा बघितली आहे," लुर्देस म्हणाली. माझी मुलगी वाईट बातमी सांगताना बांगड्या मागेपुढे करते. "कॅरोलाइन स्प्रिंग्जच्या पलीकडे. फक्त म्हाताऱ्या माणसांसाठी. छान युनिटं आहेत. बाग आहे, नर्स आहे."

"मी आजारी आहे का?"

"नाही गं. पण तू पडलीस."

"पडले आणि उठले. तुमची ती नर्स उठवायला आली होती का?"

"एक खोली, मोरी, आणि भिंतीला विजेची छोटी शेगडी," चार्ली म्हणाला. "जेवण सगळ्यांबरोबर हॉलमध्ये."

"कोण करतं जेवण?"

"कंपनी करते, मा."

कंपनीच्या हातचं जेवण. मी विस्तिनच्या फोटोकडे बघितलं. तो बिचारा हसत होता. त्याला कधी काही कळत नसे.

चार्लीची आता स्वतःची कंपनी आहे, गॅस आणि नळांची. गाड्यांवर त्याचं नाव. त्यामुळे तो सगळ्यांशी गिऱ्हाइकाशी बोलतो तसा बोलतो. म्हणाला, "हे बघ मा, अडचण त्या गॅरेजची आहे. तू त्या पायऱ्या सोडणार नाहीस. घरात एवढं स्वयंपाकघर आहे ते वापरणार नाहीस. मग आम्ही काय करायचं?"

"वापरणार नाही असं कोण म्हणालं?"

"तू. जन्मभर."

आणि मी चिडले. चिडले की मी स्वतःच्याच गळ्यात दोर घालते, हे विस्तिन म्हणायचा. मी म्हणाले, "ईस्टरच्या रविवारी सगळे जेवायला या. घरातल्या स्वयंपाकघरात मी एकटी रांधीन. कोकराच्या तंगड्या, बटाटे, मॅकरोनी, सगळं. कुणाचा हात लागणार नाही. मग बोला."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नेऊन टाका तुमच्या युनिटात."

लुर्देसच्या बांगड्या थांबल्या. चार्ली म्हणाला, "ठरलं मग." आणि उठून ठेवणीतल्या शेगडीपाशी गेला. घड्याळ बघितलं, ओव्हनचा दिवा लावून बघितला, बर्नरची कळ दाबली. टक टक ठिणगी पडली. "एकदम नवी आहे," तो म्हणाला. "पाने काय काम केलंय!" बापाला तो पा म्हणायचा.

होली थर्स्डेला, ईस्टरआधीच्या गुरुवारी, त्याने गॅरेजमधली शेगडी काढली. पाइपाचं तोंड तिथल्या तिथे पितळी टोपणाने बंद केलं, दोनदा तपासलं. त्याचं काम चोख आहे, हे मी कबूल करते. शेगडी नेऊन ठेवली फाटकाबाहेर गवतावर. त्या आठवड्यात कौन्सिल मोठा कचरा उचलत होतं. सगळ्या गल्लीने फाटक्या गाद्या, मोडकी कपाटं बाहेर काढली होती. मी पडदा लावून घेतला. शुक्रवारी सकाळी फुलं बघायला बाहेर गेले तर शेगडी नव्हती. कौन्सिलची गाडी तर अजून आलीच नव्हती. म्हणजे कुणीतरी उचलली. आमच्या गल्लीत हे चालतंच. मी स्वतः दोन खुर्च्या अशाच आणल्या आहेत. पण माझी शेगडी कुणीतरी उचलली याचं मला बरं वाटलं नाही.

गुड फ्रायडेला मी तशीही आग पेटवत नाही. पाव, ऑलिव्हचं तेल, थोडे ऑलिव्ह. शनिवारी तेच उरलेलं खाल्लं. मुलांसाठीचे फिगोल्ले, म्हणजे ईस्टरची मोठी बिस्किटं, मी आधीच गॅरेजमध्ये भाजून ठेवले होते, बदामाचं सारण भरलेले, वर साखरेचा रंग आणि मधोमध अंडं. शनिवारी संध्याकाळी मी चर्चला जाऊन आले, म्हणजे रविवारी सकाळ मोकळी. मसाला, कांदा, बटाटे, सगळं रात्रीच तयार. मॅकरोनी उकडायला तेवढं पाणी लागणार होतं, ते विजेच्या किटलीत पुनःपुन्हा तापवून पातेल्यातल्या मॅकरोनीवर ओतलं. चांगल्या शेगडीवर उकळतं पाणी उतू जाऊ द्यायचं नव्हतं. तेवढी तिची इज्जत ठेवली.

रविवारी सकाळी मी स्वच्छ ॲप्रन बांधला. शेगडीवरचं लेसचं आच्छादन काढलं, घडी घातली. ओव्हनची कळ फिरवली. दिवा लागला, ठिणगी टक टक वाजली, पण आग काही येईना. परत फिरवली, आणि बर्नरवर काडी ओढून बघितली. काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली, पण गॅस नाही.

मला वाटलं, सगळ्या गल्लीचाच गॅस गेला असेल. मग ते विचारणार कुणाला? शेजारी बेव राहते. बेवशी मी बरीच वर्षं बोलत नव्हते. आमच्या दोघींच्या कुंपणाला विस्तिनने फड्या निवडुंग लावला होता, तिकडच्या माझ्या गावाहून, ओर्मीहून, माझ्या भावाने पाठवलेल्या पानापासून वाढवलेला. उन्हाळ्यात त्याची बोंडं सोलून थंड करून खायची. बेवच्या त्या उंदराएवढ्या कुत्र्याला काटा लागला आणि तिने कौन्सिलला फोन केला. कौन्सिलने विस्तिनला तो स्वतःच्या हाताने तोडायला लावला. तेव्हापासून मी तिच्या बाजूला कपडे वाळत घालतानासुद्धा पाठ करायची.

पण गॅस आला की नाही हे विचारणं म्हणजे काही मदत मागणं नव्हे.

"बेव!"

ती गाऊनवर बाहेर आली. एका हातात चाकांचा वॉकर, दुसऱ्यात सिगरेट. "कोण मेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही. तुझा गॅस येतोय का?"

"येतोय. आत्ताच चहा केला. का गं, बिल थकलं का?"

"तोंड सांभाळ. आमच्या घरात बिल थकत नाही."

"मग बघू तरी," म्हणत ती फाटकातून आलीच. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"आधी ती सिगरेट विझव. गॅस आहे."

"गॅस नाही म्हणूनच तर बोलावलंस."

"मी बोलावलं नाही."

बेव स्वयंपाकघराच्या दारात थांबली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच आत आली होती. तिने कपाटं बघितली, फरशी बघितली, आणि सिगरेट कुंडीत खुपसली. "च्यायला, तोनी," ती म्हणाली, "हे म्हणजे चर्च आहे." माझं नाव तोना आहे. तिने एक दिवस ते नीट घेतलेलं नाही.

आम्ही दोघींनी शेगडी पुढे ओढली. मला वाटलं होतं जड जाईल, पण ती सुळकन पुढे आली, कशालाच धरलेली नसल्यासारखी. आणि ती कशालाच धरलेली नव्हतीच. मागे भिंतीतून पाइप आला होता आणि त्याच्या तोंडावर पितळी टोपण होतं, घट्ट. खाली फरशीवर धुळीत एक पाकीट पडलं होतं. आत नवी कोरी नळी, गुंडाळलेली. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

बेव वाकून बघत होती. मग ती हसायला लागली. हसता हसता खोकायला लागली आणि वॉकरच्या सीटवर बसली. "जोडलीच नाही!" ती म्हणाली. "आयुष्यभर पुसत राहिलीस आणि ती जोडलीच नाही!"

विस्तिनने घेतलेलं काम कधी अर्धं टाकलं नव्हतं. पण गॅसचं काम त्याच्याकडे नव्हतं. शेगडी बसवली त्या दिवशी या खोलीत तो चार्लीला काय म्हणाला ते मला लख्ख आठवलं. मी ते पाकीट होतं तिथेच राहू दिलं.

"मग आता?" बेवने डोळे पुसले. "चर्चमधून येतील तुझी पोरं. तुला गाडीत घालतील आणि नेतील त्या म्हाताऱ्यांच्या गावात."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझा चार्ली मोबाईलवर कुंपणाशी उभा राहून ओरडतो. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पैजा लागल्यात."

"कशावर?"

"तू हरतेस यावर कुणी लावली नाही, ते सोड."

मी खुर्चीवर बसले. खुर्चीवर प्लास्टिकचं कव्हर आहे, ते चरचरलं. ओट्यावर दोन मोठ्या थाळ्यांत तंगड्या आणि बटाटे, तिसऱ्या थाळीत मॅकरोनी. सगळं कच्चं. आणि मी माझ्या तोंडाने ठरवलेली अट. त्या युनिटची खिडकी मला दिसायला लागली, हॉलमध्ये कुणीतरी वाढलेलं पातळ सूप दिसायला लागलं.

बेव म्हणाली, "माझा ओव्हन रिकामा आहे."

"मी मागितला नाही."

"मी दिलाही नाही. रिकामा आहे एवढंच सांगितलं. मी एक अंडं उकडणार होते."

तिच्या ओव्हनबद्दल मी ऐकून होते, लहान आहे. त्यात एक थाळी कशीबशी बसेल. मी विचार केला. ओर्मीत लहानपणी आमच्या घरात ओव्हन नव्हताच, कुणाच्याच घरात नव्हता. रविवारी आई थाळी कमरेवर घेऊन भट्टीवर जायची आणि बेकर सगळ्या गावाच्या थाळ्या एकाच आगीत भाजायचा. आपली ओळखू यावी म्हणून आई कोपऱ्यात अर्धं लिंबू ठेवायची. तेव्हा कुणी म्हणालं नाही की तोनाच्या आईला रांधता येत नाही. रांधणं आईचं, आग बेकरची.

मी दोन लिंबं कापली आणि थाळ्यांच्या कोपऱ्यांत एकेक फोड ठेवली.

"हे कशाला?" बेवने विचारलं.

"चोरू नयेस म्हणून."

मॅकरोनीची थाळी बेवच्या वॉकरच्या सीटवर ठेवली आणि आम्ही ती तिच्या घरी नेली. तिच्या ओव्हनला जळकट वास होता. मी तोंडावर आलेलं गिळलं. फार कष्टाने. मग परत येऊन तंगड्यांच्या दोन्ही थाळ्या त्याच वॉकरवर ठेवून आम्ही समोर हानच्या घरी निघालो. हान व्हिएतनामी. तिचं स्वयंपाकघरही गॅरेजमध्ये असतं, म्हणून ती मला पहिल्यापासून शहाणी वाटते. सणाला ती अख्खं डुकराचं पोट भाजते, म्हणजे ओव्हन मोठा असणार. रस्ता ओलांडताना कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मॅसेडोनियनने गाडी थांबवली आणि आम्हाला आधी जाऊ दिलं. त्याने डोक्यावरची टोपीसुद्धा काढली. त्याला वाटलं काही मिरवणूक आहे.

हान गॅरेजचं दार उघडून बसली होती, पालक निवडत. तिच्या गॅरेजला पायऱ्या नाहीत, रस्त्यावरून सरळ आत. आणि तिथे भिंतीशी माझी शेगडी उभी होती.

मी दाराचा पोचा बघितला. चार्लीच्या चेंडूचा.

हानने माझ्याकडे बघितलं, शेगडीकडे बघितलं आणि पालक खाली ठेवला. "ताई, ती बाहेर होती," ती म्हणाली. "कचऱ्यात. मी विचारणार होते. पडदा बंद होता."

"कुणी जोडली?"

"माझ्या मुलाने. शुक्रवारी संध्याकाळी."

एका संध्याकाळी, आणि तो तर बँकेत काम करतो!

"परत हवी का?" हानने विचारलं.

बेव वॉकरवर रेलून बघत होती. मला ती शेगडी परत हवीच होती. पण कचऱ्यात टाकलेली वस्तू आपली म्हणून मागायची? मी म्हणाले, "नको. तू उचललीस, तुझी. फक्त आज थोडी आग दे."

हानने ओव्हनचं दार उघडलं. आतली जाळी मी घासायची तशीच घासलेली होती. मी थाळ्या सरकवल्या. कळ किती फिरवायची ते तिला सांगावं लागलं नाही. माझा हात आपणच गेला.

हान वेळेची पक्की. सांगितलं तेव्हाच तिने दोन्ही थाळ्या मागच्या फाटकाने आणल्या. वरून सोनेरी, बटाट्यांच्या कडा कुरकुरीत. मी त्या ओट्यावर ठेवल्या, शेगडी भिंतीला ढकलली, टेबल मांडलं. बेवकडच्या मॅकरोनीचा मात्र पत्ता नव्हता. कुंपणावरून विचारलं तर म्हणाली, "अजून पांढरं आहे गं!" तेवढ्यात चर्चमधून गाड्या आल्या.

चार्ली, त्याची बायको मिशेल, लुर्देस, लुर्देसची मुलगी क्रिस्टल, बाकी पोरं. सगळे आत आले आणि वास घेतला. चार्ली म्हणाला, "मा!" आणि थाळीजवळ जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला. मला वाटलं, जमलं.

"नान्ना, यात लिंबू कशाला?" क्रिस्टलने फोड उचलली.

"चवीला."

लुर्देस काही न बोलता शेगडीपाशी गेली होती. तिने ओव्हनच्या दाराला हात लावला. मग दार उघडलं. "मा, हा गार आहे."

"दार उघडं ठेवलं होतं. गार होणारच."

"आणि जाळीला कारखान्याची प्लास्टिकची पट्टी आहे."

मी काही बोलण्याआधीच बाहेरून आवाज आला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा, हात भाजतोय!" आणि बेव आली. वॉकरच्या सीटवर मॅकरोनीची थाळी. एका बाजूला काळी, मध्ये बरी, दुसऱ्या बाजूला फिकी. कोपऱ्यात लिंबाची फोड काळीठिक्कर पडलेली. बेवने सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज सगळे इकडेच जेवायला वाटतं?" ती म्हणाली. "मी तर नुसती... हे शेजारणीला द्यायला आले होते."

"बेव, गप्प बस," मी म्हणाले. "तुला खोटंही नीट बोलता येत नाही."

चार्लीने थाळी बघितली, ओव्हन बघितला. "मा, म्हणजे तू इथे रांधलंच नाहीस."

"रांधलं. भाजलं दुसरीकडे."

"पण ठरलं काय होतं? घरात. एकटीने. कुणाचा हात लागणार नाही. तूच म्हणालीस."

"मीच म्हणाले."

"मग?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला वाईट वाटत होतं, ते जास्त लागलं. "मा, पुढच्या वेळी काय करशील? आम्ही रोज इथे नसतो. तुला ही साधी शेगडी पेटवता येत नसेल तर..."

"साधी शेगडी," मी म्हणाले. "चार्ली, तुझ्या गाड्यांवर काय लिहिलंय?"

"त्याचा काय संबंध?"

"ओढ ती शेगडी पुढे."

त्याने एका हाताने ओढली. सुळकन आली, तोच जवळजवळ मागे पडला. मग तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मिशेल मागून बघत होती. "चार्ली, काय आहे?" ती विचारत होती. "उंदीर आहे का?"

तो सरळ झाला तेव्हा त्याच्या हातात ते पाकीट होतं. कान लाल झाले होते. चार्लीचे कान लहानपणापासून चुगली करतात.

"पा म्हणाला होता," मी म्हणाले, "चार्ली, गॅसचं तू कर, ते तुझं काम आहे. आणि तू काय म्हणालास?"

त्याने पाकीट या हातातून त्या हातात घेतलं.

"तू म्हणालास, 'हो पा, मग करतो.' आणि फुटबॉल बघायला गेलास. मी इथेच उभी होते, कपाटं पुसत होते."

"मी करणारच होतो," चार्ली म्हणाला. एवढा मोठा माणूस, पोट सुटलेलं, डोकं पिकलेलं. "मग लग्नाची गडबड झाली. मग तू कधी वापरलीच नाहीस. मग मी विसरलो."

मिशेल हसायला लागली. मला ती फारशी आवडत नाही, पण त्या दिवशी तिने नवऱ्याला जे ऐकवलं ते मी विसरणार नाही. "अख्ख्या मेलबर्नच्या पश्चिमेचा गॅस हा जोडतो," ती बेवला म्हणाली, "आणि आमच्या घरी नळ गळतोय तो गेल्या ख्रिसमसपासून." बेवला परत खोकला आला.

"बसा," मी म्हणाले. "गार होतंय. बेव, तू पण बस. क्रिस्टल, समोर जा आणि हानला बोलाव. म्हणावं पालक राहू दे."

सगळे ठेवणीतल्या टेबलाला बसले. खुर्च्यांवरची कव्हरं चरचरली. चार्लीने तंगडी कापली आणि सगळ्यांना वाढली. काळ्या बाजूची मॅकरोनी मी बेवच्या ताटात घातली, करपवली तिनेच होती. तिने सगळी खाल्ली आणि अजून मागितली. तंगडीचा पहिला घास घेऊन चार्ली हळूच म्हणाला, "मा, ही चव..." आणि थांबला.

"माझ्याच शेगडीची आहे. तू कचऱ्यात टाकली होतीस ती."

मग हानने त्याला सगळं सांगितलं, की शेगडी बाहेर होती आणि तिच्या मुलाने ती एका संध्याकाळी जोडली. चार्लीचे कान परत लाल झाले. लुर्देस बांगड्या मागेपुढे करत माझ्याकडे बघत होती, पण या वेळी ती काही वाईट सांगणार नव्हती, हे मी ओळखलं. तिने हानला विचारलं, "तुमच्या गॅरेजला पायऱ्या आहेत का?"

"नाहीत," हान म्हणाली. "रस्त्यावरून सरळ."

फिगोल्ले वाटले. पोरांनी अंडी आधी खाल्ली. बेव एक फिगोल्ला हातात धरून म्हणाली, "तोनी, तो निवडुंग परत लाव ना. कुत्रा मेला आता."

"काटे तुला लागले तर?"

"मग मी फोन करीन." आणि हसली. मी पण हसले असेन. आता आठवत नाही.

भांडी आवरताना क्रिस्टलने विचारलं. ही मुलगी माझ्यासारखीच आहे, बोलायला कुणाला घाबरत नाही. "मामा, मग नान्नाच्या युनिटचं काय?"

चार्लीने पाकिटातून नळी काढली होती, हातावर गुंडाळत होता. त्याने नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आधी हे जोडतो," तो म्हणाला. "ते मग बघू."

मी त्याला काही विचारलं नाही. चार्लीचं 'मग' कसं असतं ते मला माहीत आहे.

मंगळवारी सकाळी सकाळीच तो हत्यारं घेऊन आला आणि शेगडी जोडली. निळी आग आली, चारही बर्नरांवर, आणि ओव्हनमध्येसुद्धा. त्याने मला दाखवली, बंद केली. मी शेगडी पुसली आणि लेसचं आच्छादन परत घातलं. त्यानंतर चर्चमधल्या एकीकडून आणलेलं निवडुंगाचं एक पान कुंपणाच्या कडेला रोवलं, बेवच्या बाजूला जरा झुकतं. आणि टोमॅटोची टोपली घेऊन समोर हानच्या गॅरेजमध्ये गेले. रस्सा सकाळी लवकर चढवावा लागतो, आणि माझी शेगडी तिथे आहे.